ईझमेंटला 'वहिवाट' म्हणावं का?

मंद्रूपकर:
भावाभावांत जमिनीचं वाटप ठरलंय. पुतण्या बंगळुरात, म्हणून मसुदा इंग्रजीत आला. बाकी कळलं, पण एन्कम्ब्रन्स, अपर्टेनन्सेस आणि ईझमेंटवर गाडी अडली. डिक्शनरीत ईझमेंटला 'सुविधाधिकार' दिलंय. तलाठ्यापुढं हा शब्द काढला तर तोंडाकडं बघत बसेल. 'वहिवाट' लिहिलं तर चालतंय का?

मोहोळचा पाव्हणा:
एन्कम्ब्रन्स म्हणजे बोजा, विषय संपला. सोसायटीचं कर्ज सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त दिसतं तोच. फक्त सातबारा कोरा दिसला म्हणून जमीन बिनबोजाची धरू नका. गहाणखत नोंदवलंय पण फेरफार झाला नाही, असंही असतं. सब-रजिस्ट्रारकडं सर्च, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा शोध, घ्या की.

अपर्टेनन्सेसला एकच शब्द शोधू नका. जुनी खरेदीखतं काढा: 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह'. जमिनीला धरून जे जे येतं ते सगळं त्यात आलं. (निधी लिहिला म्हणून नांगराला लागलेला हंडा आपला होत नाही बरं. 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्यानं तो आधी कलेक्टरला कळवावा लागतो.)

माढेकर:
अण्णा, नुसतं 'वहिवाट' लिहू नका. आपल्यात त्याचे दोन अर्थ चालतात. 'हे रान माझ्या वहिवाटीत आहे' म्हणजे ताबा माझा, कसतोय मी. 'वहिवाटीची वाट' म्हणजे नुसतं जाणं-येणं. ईझमेंटमध्ये रान दुसऱ्याचंच राहतं. आपल्याला त्यातून जायचा किंवा पाणी न्यायचा हक्क, एवढंच. 'पूर्वेच्या पट्ट्यात वहिवाट राहील' असं लिहिलंत तर उद्या तो पट्टाच कुणीतरी मागंल. 'जाण्यायेण्याचा वहिवाटीचा हक्क' असं पुरतं लिहा.

दस्त नसला तरी 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं नुसत्या वापरावरही हा हक्क मिळतो, पण 20 वर्षं उघडपणे, खंड न पडता, हक्कानं वापर पाहिजे. दरवेळी 'जाऊ का?' विचारून गेलात तर ती परवानगी झाली, हक्क नव्हे. पुढं 'डॉमिनंट हेरिटेज' आलं तर वारसा समजू नका. ज्या रानाच्या सोयीसाठी हक्क आहे, ते रान.

मंद्रूपकर:
मसुद्यात तेही आहे! आणि विहीर थोरल्याच्या गटात जातीय, पाणी दोघांना. हेही ईझमेंटच ना?

माढेकर:
तसं सरसकट नाही. 'विहिरीत निम्मा हिस्सा' म्हटलं की तुम्ही मालक. मग गाळ काढायचा, बांधकामाचा खर्चही निम्मा. 'विहिरीतून पाळीनं पाणी घेण्याचा हक्क' म्हटलं तर विहीर थोरल्याची, तुमची फक्त पाळी, ते ईझमेंट. यातलं कुठलं, ते आधी दोघं भाऊ बसून ठरवा, मग वकिलाला सांगा. आणि पाइपलाइन कुठल्या बांधानं जाणार ते गट नंबर घालून लिहून घ्या.