शब्दचर्चा: 'हराम अल शरीफ' म्हणजे नक्की काय? हराम आणि शरीफ एकत्र कसे?

चौकस:
काल जेवताना पेपर चाळत होते, जेरुसलेमची बातमी होती आणि त्यात चक्क 'हराम अल शरीफ' छापलेलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं तर ती म्हणाली, एक काय ते ठरवा बाई, हराम तरी नाहीतर शरीफ तरी. हसलो दोघी, पण मग डोक्यात किडाच शिरला. कारण त्याच बातमीत खाली 'टेंपल माउंट' होतं, पुढे 'अल अक्सा मशीद', मग 'विलाप भिंत', आणि फोटो सोनेरी घुमटाचा. ही चार नावं एकाच जागेची की चार जागा? आणि मराठीत लिहायचं झालं तर काय लिहायचं? जाणकारांनी जरा उजेड पाडा.

मूळधातू:
ताई, छापणाऱ्यानं एक काना जास्त दिला एवढाच गुन्हा. शब्द 'हरम' आहे, 'हराम' नव्हे. पण गंमत अशी की काना काढला तरी नातं तुटत नाही, दोन्ही एकाच अरबी धातूचे, ह-र-म. मूळ भाव 'राखीव, वर्ज्य, हात लावायचा नाही' असा. त्यातून हराम म्हणजे निषिद्ध, आणि हरम म्हणजे अशी पवित्र जागा जिथे वाटेल तसं वागायला मनाई. राजाचा जनानखाना तो हरम, कारण परक्याला आत यायला बंदी. मोहरमचा महिना त्यातलाच, त्या महिन्यात लढाई वर्ज्य होती. मक्केला जाताना नेसतात तो एहराम पण त्याच घरचा. आपण मराठीत फक्त हरामखोर, नमकहराम, हरामाचा पैसा एवढंच उचललं आणि शब्दाची निम्मी बाजू तिकडेच ठेवून आलो.
शरीफ म्हणजे थोर, आदरणीय. अजमेर शरीफ म्हणतो ना आपण, तसंच. तर अल-हरम अश-शरीफ म्हणजे 'थोर पवित्र आवार'. जेरुसलेमच्या जुन्या शहरातलं जवळपास ३५ एकरांचं आवार आहे ते.
आणि ऐका, हिब्रूत हाच धातू 'हेरेम' म्हणून आहे. बायबलमध्ये देवाला वाहिलेली, म्हणून माणसानं वापरायची नाही अशी वस्तू म्हणजे हेरेम. पुढे अर्थ झाला वाळीत टाकणं. स्पिनोझाला १६५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं वाळीत टाकलं ते हेरेमच. म्हणजे भांडणारे दोघे, आणि शब्द एकाच विहिरीतला.

तिरकस:
मग सरळ 'सोवळं' म्हणा की. आजीचं सोवळं आठवा. शुद्ध पण तेच आणि 'शिवू नको' पण तेच.

मूळधातू:
तिरकस, गमतीत बोललात पण नेमकं बोललात. पवित्र आणि निषिद्ध हे इंग्रजीत दोन टोकांचे शब्द वाटतात, सोवळ्यात ते एकाच पितांबराला बांधलेले. आणि हे तिथे अक्षरशः लागू आहे. आवारात बिगरमुस्लिमांना जायला मुघराबी दरवाजा आहे, तिथे इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाची पाटी असते की तोरेप्रमाणे (तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ) जागेच्या पावित्र्यामुळे आत जायला ज्यूंना मनाई आहे. म्हणजे मुसलमान त्या जागेला हरम म्हणतात आणि कट्टर धार्मिक ज्यूला तिथे पाऊल टाकणं हराम!
कारण असं की या जागी ज्यूंचं देऊळ होतं, ते इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं, आणि त्यातला सगळ्यात आतला भाग, मराठी बायबलात ज्याला 'परमपवित्रस्थान' म्हटलंय, तो नेमका कुठे होता यावर एकमत नाही. तिथे फक्त मुख्य याजक जायचा, तेही वर्षातून एका दिवशी. आता न कळत त्यावर पाय पडला तर? आणि शुद्ध व्हायला तांबड्या कालवडीची राख लागते, ती नाही. म्हणून वरच जाऊ नका असं बहुतेक जुन्या रब्बींचं म्हणणं. गेल्या काही दशकांत मात्र वेगळं मानणारे रब्बी आणि पुढारी वाढलेत, इस्राएलचे इतमार बेन-ग्विर तर मंत्री असताना तिथे जात राहिले आणि ज्यूंना प्रार्थनेची मुभा हवी म्हणत राहिले, आणि मग दरवेळी भडका.

चौकस:
परमपवित्रस्थानाला 'गाभारा' चालेल ना?

बाराखडी:
चालेल काय, पळेल. पण मी भाषांतराचं काम करते म्हणून सांगते, गाभारा म्हटलं की वाचकाला मूर्ती दिसते आणि तिथे मूर्ती नव्हतीच. तिथे देवळं दोन झाली, एकामागून एक. पहिल्या देवळात कराराचा कोश होता, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, दुसऱ्यात तर आत काहीच नव्हतं. रिकामा गाभारा. एवढी एक ओळ घातली की झालं.
आता नावांचा गुंता सोडवू. चार जागा नाहीत. एकच मोठा चौथरा आहे, हेरोद राजानं भोवती भिंती बांधून भराव घालून वाढवलेला. 'माउंट' वाचून लोकांना डोंगर वाटतो, पण आज दिसतो तो चौथराच. त्याच्या मधोमध सोनेरी घुमट, म्हणजे कुब्बत अस-सखरा, खडकावरचा घुमट, इ.स. ६९१-९२ च्या सुमाराचा, खलिफा अब्दुल मलिकनं बांधलेला. तो मुळात खडकाभोवतीचं स्मारक आहे. दक्षिणेला करड्या घुमटाची इमारत ती मशीद, आपण तिलाच अल-अक्सा म्हणतो, तिकडे तिला 'किबली' म्हणतात. कारण त्यांच्या लेखी सगळं आवारच अल-मस्जिद अल-अक्सा. पेपरवाले करड्या मशिदीची बातमी देतात आणि फोटो सोनेरीचा लावतात, ते काही थांबायचं नाही.
'विलाप भिंत' म्हणजे त्याच चौथऱ्याची पश्चिमेची बाहेरची भिंत. देवळाची नव्हे, भराव धरून ठेवणारी. ज्यू 'कोटेल' म्हणतात, कोटेल म्हणजे साधी भिंत. विलाप, वेलिंग वगैरे बाहेरच्यांनी चिकटवलेलं, बऱ्याच ज्यूंना ते आवडत नाही, आम्ही काय नुसते रडायला जातो का असं. मराठीत 'पश्चिम भिंत' म्हणा, बास.

तिरकस:
अक्सा म्हणजे मालाडचा अक्सा बीच का?

मूळधातू:
नुसत्या आवाजावरून नाती जोडायला लागलो तर रात्री झोप लागायची नाही. अक्सा म्हणजे 'सर्वात दूरची'. कुराणात १७ व्या सुऱ्याच्या पहिल्याच आयतीत आहे, मस्जिद अल-हरामपासून (इथे मात्र काना बरोबर), म्हणजे मक्केपासून, मस्जिद अल-अक्सापर्यंत पैगंबरांचा रात्रीचा प्रवास. तो प्रवास बुराक नावाच्या वाहनावरून झाला आणि ते जिथे बांधून ठेवलं ती ही पश्चिम भिंत अशी श्रद्धा, म्हणून अरबीत तिला बुराक भिंत म्हणतात. म्हणजे भिंतीलाही दोन नावं आली.
आणि ते २०२३ च्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याला हमासनं दिलेलं नाव 'तुफान अल-अक्सा', ते मराठीत वाचताना आपल्याला वारा-वादळ वाटतं. अरबीत तुफान म्हणजे पूर, जलप्रलय, नोहाच्या गोष्टीतला. शब्द तोच, पाणी वेगळं.

चौकस:
बरं मग 'टेंपल माउंट'ला मराठी? मंदिर टेकडी? मला ते 'मंदिर' लिहिताना हात अडखळतो. मंदिर-मशीद शब्द शेजारी आले की वाचक अयोध्येत पोचलाच म्हणून समजा, मग पुढची बातमी तो जेरुसलेमची वाचतच नाही.

बाराखडी:
हिब्रू 'हर हबायित'. हर म्हणजे डोंगर, बायित म्हणजे घर. 'घराचा डोंगर', घर अर्थात देवाचं. अरबी 'बैत' तेच. मला 'देवळाचा डोंगर' बरं वाटतं, कारण देऊळ हे देवकुल वरून आलंय, कुल म्हणजे घर, तर मूळ अर्थाशी अगदी चपखल.

मूळधातू:
तसं बघितलं तर संस्कृतात 'मंदिर' म्हणजे पण आधी घरच हो. तो मुद्दा दोन्हीकडून सुटतो. आणि जेरुसलेमचं जुनं अरबी नाव 'बैत अल-मकदिस' घ्या, हिब्रूत देवळाला म्हणतात 'बेत हमिकदाश'. कानाला लावून बघा दोन्ही.

अलिबागी कांदा:
मंडळी एवढी अरबी-हिब्रू झाली, आता आमच्या गावचं ऐका. आमच्या अलिबागेत इस्राएल आळी आहे, बेने इस्राएल लोकांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, शनवार तेली म्हणायचे त्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. आता घरं थोडी राहिलीत, बाकी तिकडे गेले. माझी आजी सांगायची, तिची मैत्रीण शनिवारी सकाळी निघाली की विचारायचं कुठे, तर ती म्हणायची "मशिदीत जाते". ज्यू बाई, नऊवारी नेसलेली, आणि मशिदीत जाते! लहानपणी मला वाटायचं आजी काहीतरी चुकीचं सांगते. नंतर कळलं की बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणायचे. मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ सालचं त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, दिवेकरांनी बांधलेलं, त्याला 'जुनी मशीद' म्हणतात, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. रोज लाखभर लोक तिथे उतरतात आणि समजतात भलतंच. आणि पुण्यात डेव्हिड ससूननं बांधलेलं ते लाल विटांचं, त्याला पुणेकर काय म्हणतात? लाल देऊळ! एकाच धर्माची जागा, मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बाराखडी:
कांदेभाऊ, क्या बात. मराठी बायबलात सिनेगॉगला 'सभास्थान' आहे, तो शब्द कधी कुणाच्या तोंडी बसला नाही. बरं त्या जुन्या मशिदीचं खरं नाव माहितेय ना? 'शार हरहमीम', दयेचा दरवाजा. आणि आता धरा, आपण ज्या आवाराबद्दल बोलतोय त्याच्या पूर्वेच्या भिंतीत एक बुजवलेला दरवाजा आहे, इंग्रजीत गोल्डन गेट. ज्यू त्याला म्हणतात शार हरहमीम. अरबीत नाव बाब अर-रहमा. दोन्हीकडे तोच रहम, आपण 'रहम कर' म्हणतो तो. दोन कमानी आहेत, एक रहमाची, दुसरी तौबाची, तीच आपली तोबा तोबा. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या दरवाज्यालगतच्या जागेत नमाज पढण्यावरून तिथे पोलीस आणि मुसलमान यांच्यात मोठी ठिणगी पडली होती. तेच नाव लावलेल्या मांडवीतल्या जुन्या मशिदीत लोक निवांत प्रार्थना करतायत.

तिरकस:
हे गोड आहे पण फार गोड करू नका. इथे जागेवर हक्क कुणी सांगत नव्हतं म्हणून शब्द मोकळे होते. तिकडे शब्द म्हणजे सातबारा आहे. २०१६ मध्ये युनेस्कोच्या ठरावात त्या आवाराला फक्त मुस्लिम नावं वापरली, पश्चिम भिंतीसमोरचं पटांगण आधी 'अल-बुराक' आणि मग ज्यूंचं नाव अवतरणचिन्हांत टाकलं, तर इस्राएलनं युनेस्कोशी सहकार्यच थांबवलं. दोन टिंबांसाठी! आपण इथे काना-मात्रेवर हसतोय.

बाराखडी:
मान्य. १९२८ मध्ये, तिथे ब्रिटिशांचं राज्य असताना, तर नुसत्या पडद्यावरून झालं. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, भिंतीपाशी बायका-पुरुषांच्या मध्ये ज्यूंनी पडदा लावला, मुसलमानांनी हरकत घेतली की उद्या हाच कायमचं बांधकाम होईल, ब्रिटिश पोलिसांनी प्रार्थना चालू असताना पडदा काढला. वर्षभर धुमसलं आणि १९२९ च्या ऑगस्टमध्ये पॅलेस्टाईनभर दंगली, १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. मग आयोग बसला, त्यावरून १९३१ मध्ये हुकूम निघाला की भिंतीची मालकी मुसलमानांची, प्रार्थनेला ज्यूंना मुभा, पण त्यांच्या प्रार्थनेतलं मेंढ्याचं शिंग फुंकायचं नाही.
आता एक शब्द मला नेहमी छळतो तो विचारते. 'स्टेटस को'ला आपण 'जैसे थे' लिहितो. १९६७ च्या युद्धात इस्राएलनं जुनं शहर घेतलं आणि संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आवाराचा कारभार वक्फकडेच ठेवला, ज्यूंना भेट द्यायला मुभा, प्रार्थना फक्त मुसलमानांची. हे 'जैसे थे'. पण त्याच आठवड्यात भिंतीसमोरचा मुघराबी मोहल्ला पाडून पटांगण केलं, ते काही जैसे थे नव्हतं. आता दोन्ही बाजू जैसे थे पाळा म्हणतात आणि दोघांच्या मनातलं 'थे' वेगळ्या सालचं.

मूळधातू:
वक्फ पण बघा, धातूचा अर्थ 'थांबवणे'. जी मालमत्ता विकणं, वाटणं थांबवलं ती वक्फ. म्हणजे जैसे थेचाच अरबी भाऊ. तिथला वक्फ जॉर्डनच्या अखत्यारीत चालतो, १९९४ च्या करारात इस्राएलनं जॉर्डनचं तिथलं खास स्थान मानलंय.

चौकस:
बापरे, मी एका कान्यासाठी धागा काढला होता. तर मी असं ठरवलंय: लिहिताना पहिल्यांदा 'मुसलमानांचं हरम अल-शरीफ, ज्यूंचा हर हबायित' अशी दोन्ही नावं द्यायची, नंतर नुसतं 'आवार'. भिंत म्हणजे पश्चिम भिंत. आणि 'हराम' छापलं तर पेपरला पत्र. आईला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली मग सोवळ्यातलं आवार म्हणायचं की, त्यात एवढं काय.

मूळधातू:
पत्रात एवढं घाला की उच्चार 'अल-शरीफ' नाही, 'अश-शरीफ'. श हे अरबीत सूर्याक्षर आहे, त्याच्या आधीचा ल गळतो. 'अल-अक्सा'त मात्र राहतो.

चौकस:
हे आईला तुम्हीच येऊन सांगा.