बिलावर नंबर, वहीत नंबर

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-२०३ वहिनी: नमस्कार. मिक्सर बंद पडलाय. गेल्या दिवाळीत घेतलेला, दोन वर्षांची वॉरंटी आहे. बिल फाइलमध्ये जपून ठेवलं होतं, आज काढलं तर कागद जवळजवळ कोरा. दुकानाचं नावसुद्धा धड दिसत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बिल नसेल तर दुरुस्तीचे पैसे लागतील. कुणाला काही मार्ग माहीत आहे का?

बी-१०४ काका: टॉर्च तिरकी धरून बघा. कधीकधी पुसट अक्षरं दिसतात. फोटो काढून काँट्रास्ट वाढवला तरी थोडं वाचता येतं.

ए-३०२ दादा: वहिनी, पैसे कसे दिले होते? यूपीआय असेल तर तारीख आणि रक्कम नक्की सापडेल.

बी-२०३ वहिनी: यूपीआयनेच. सापडलं आत्ता. पण त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम, बस्स. मिक्सर घेतला की इस्त्री, ते त्यात कुठे कळतंय?

ए-१०१ काकू: तारीख मिळाली ना, मग अर्धं काम झालं. दुकानात जा, तारीख, रक्कम आणि तेव्हा दिलेला मोबाईल नंबर सांग आणि बिलाची दुसरी प्रत माग. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे ७२ महिने हिशेब जपावे लागतात. गेल्या वर्षीचं बिल त्यांच्याकडे असायलाच हवं. मिक्सरच्या बुडाशी सिरीयल नंबर असतो, त्याचाही फोटो घेऊन जा.

बी-२०३ वहिनी: मिळालं काकू! राम आळीतून आत्ताच आले. तारीख सांगितल्यावर दोन मिनिटांत काढून दिलं, वर शिक्का आणि सही पण. सर्व्हिस सेंटरने मिक्सर ठेवून घेतला. मनापासून आभार 🙏

सेक्रेटरी: छान झालं. पण हा प्रश्न घराघरांत आहे. अशी बिलं लॅमिनेट करून ठेवली तर?

ए-१०१ काकू: नको नको, लॅमिनेशन अजिबात नको! तो कागद थर्मल असतो. त्यावर शाई नसतेच, कागदाला रसायनाचा थर असतो आणि छपाईच्या वेळी उष्णतेने अक्षरं काळी होतात. लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातला की अख्खा कागद काळा होतो. सेलोटेप लावली तर तिच्या गोंदाने खालची अक्षरं उडतात. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं तरी काही प्लास्टिकमधली द्रव्यं अक्षरं खातात. वहिनीने फाइलमध्ये नीट ठेवूनही गेलं, ते बहुतेक त्यामुळेच. त्यात आपल्याकडची पावसाळ्यातली दमट हवा. म्हणून ज्या दिवशी बिल हातात येईल त्याच दिवशी मोबाईलवर फोटो, आणि मोठी वस्तू असेल तर झेरॉक्स. झेरॉक्स आणि मूळ बिल एका कागदी पाकिटात. स्टेपलरची पिन मारू नका, आपल्या खाऱ्या हवेत ती एका पावसात गंजते आणि नेमका तारखेवर डाग पाडते.

बी-१०४ काका: औषधांच्या बिलांचं अगदी हेच. हिच्या ऑपरेशननंतर मेडिकलची बरीच बिलं मेडिक्लेमला लावायची होती. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचा आणि घरी आल्यानंतरचाही काही दिवसांचा खर्च मिळतो. पण मूळ बिलं लागतात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मी रोजच्या रोज झेरॉक्स काढून मूळ बिलाला जोडत गेलो. शेवटी क्लेम पाठवला तेव्हा पहिल्या आठवड्यातली बिलं फिकी पडली होती, झेरॉक्समुळे तारीख-रक्कम वाचता आली. सगळे पैसे मिळाले.

ए-३०२ दादा: या सगळ्यासाठी ॲप आहेत की. बँकेचे मेसेज वाचून खर्च आपोआप लिहितात, बिलाचा फोटोही ठेवतात. काकू, तुमच्यासारखी खर्चाची वही कशाला?

ए-१०१ काकू: ॲप वापर की, त्याला ना नाही. पण मला सांग, मिरकरवाड्याला मासळी घेतलीस, भाजीवालीला रोख दिलेस, कामाच्या ताईंचा पगार, देवळातली वर्गणी, नारळ उतरवणाऱ्याची मजुरी. यातलं काय तुझ्या ॲपला आपोआप कळतं? ते हातानेच लिहायला लागतं. मग वहीत लिही नाहीतर ॲपमध्ये, तुझं तू ठरव. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. खर्च लिहिणारे लोक खूप आहेत. बिलं जपणारेही खूप आहेत. पण दोन्हींची गाठ घालणारे फार कमी. वहीत "बॅटरी १४,५००" असतं आणि बिल असतं कुठल्या तरी डब्यात. तीन वर्षांनी बॅटरी बसली की सगळं घर शोधायचं.

मी पतसंस्थेत हिशेब लिहायचे. तिथे व्हाउचरशिवाय एक रुपया बाहेर जात नाही. प्रत्येक व्हाउचरला नंबर, आणि रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, त्या नोंदीपुढे तोच नंबर. घरी मी तेवढंच करते. बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलने नंबर, वहीत तोच नंबर. थर्मल कागद असेल तर नंबर झेरॉक्सवर. फोटोच्या नावातही तोच. बस्स. कुठलाही एक धागा हाती लागला की बाकीचे दोन सापडतात.

बी-२०३ वहिनी: काकू, एखादं पान दाखवाल का? नुसतं ऐकून मला जमेलसं वाटत नाही.

ए-१०१ काकू: हे मे महिन्याचं. फोटोत अक्षर बारीक येतंय म्हणून टाइप करते.

१२ मे, सुकट, सोडे, सुके बांगडे, रोख, २,१००, नंबर नाही
१३ मे, तांदूळ, डाळी, कोकम, तेल, यूपीआय, ६,३५०, नंबर नाही
१७ मे, इन्व्हर्टरची बॅटरी, यूपीआय, १४,५००, नंबर २३
१८ मे, बाल्कनीला ताडपत्री आणि दोरी, रोख, १,२००, नंबर नाही
२० मे, यांचा चष्मा, कार्ड, ४,८००, नंबर २४

मासळीला नंबर नाही, कारण तिचं बिल नसतं आणि पुढे लागतही नाही. किराण्याचं बिल महिनाअखेर ताळा पडेपर्यंत ठेवते, मग टाकून देते. ज्याचं पुढे काम पडणार त्यालाच नंबर: वॉरंटीच्या वस्तू, दवाखाना, घराचं काम, सोनं, विमा. सगळीच बिलं जपायला गेलं तर दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि नेमकं कामाचं त्या ढिगात हरवतं.

बॅटरीबाबत एक मुद्दाम सांगते. जुनी बॅटरी कधी घेतली ते जुन्या वहीत, जुन्या नंबरासकट होतं. साधारण चार वर्षांनी बदलावी लागली. म्हणजे आता दरमहा तीनशे रुपये बॅटरीच्या नावाने बाजूला काढायचे, म्हणजे पुढच्या वेळी मे महिन्यात एकदम चौदा-पंधरा हजारांचा खड्डा पडणार नाही. जुनी बिलं नसती तर हा अंदाज मी कुठून काढला असता? आपल्याकडे समुद्राच्या हवेत एसीचं बाहेरचं युनिट, ग्रिल, गॅसची शेगडी सगळंच लवकर गंजतं. पुण्याच्या हिशेबाने "दहा वर्षं जाईल" म्हणून चालत नाही. आपल्या घरात ती वस्तू किती टिकली, ते आपलीच बिलं सांगतात.

सेक्रेटरी: मे महिन्याचं खरंच वेगळं धरायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे सुकी मासळी, धान्य, सरपण सगळी बेगमी मेमध्येच. आमच्याकडे दर वर्षी वाटतं की बजेट कोसळलं.

ए-१०१ काकू: कोसळत नाही हो. तो चार महिन्यांचा खर्च आहे, वहीत चार महिन्यांवर पसरून लिहायचा. गणपतीचंही तसंच, त्याला वर्षभर थोडं थोडं बाजूला काढायचं.

ए-२०४ ताई: मी एरवी ग्रुपवर लिहीत नाही, पण आज लिहिते. माझं माहेर चिपळूणला, बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा आमचं दुकान आणि मागचं घर दोन्ही बुडालं. दुकानाचा विमा होता. सर्व्हेअरने खरेदीची बिलं मागितली, ती चिखलात गेलेली. भावाने जीएसटी पोर्टलवरून, विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणपत्रांतून, खरेदीची यादी काढली आणि काम झालं. पण घरातला फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांचं काहीच सापडलं नाही. घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलावरचं नाव पोर्टलवर जातच नाही. पंचनाम्याच्या वेळी आई आठवून आठवून सांगत होती, कधी घेतलं, कितीला घेतलं. तिला तसं बघवत नव्हतं. आता आम्हा भावंडांचं एका ड्राइव्हवर फोल्डर आहे, ज्याने त्याने आपापली बिलं तिथे टाकायची.

ए-३०२ दादा: ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. फोटो फक्त फोनमध्ये असले आणि फोनच पाण्यात गेला, तर काय उपयोग. मी असं नाव देतो: आधी वर्ष-महिना-दिवस, मग वस्तू, मग दुकान, मग रक्कम. फोल्डर आपोआप तारखेने लागतं. आता पुढे काकूंचा नंबरही घालतो. आणि मेसेजमधून बिलाची लिंक येते तिच्यावर विसंबू नका, लगेच पीडीएफ उतरवून घ्या.

बी-१०४ काका: माझा एक प्रश्न. काही दुकानदार म्हणतात, कच्चं बिल चालेल का, पक्कं हवं तर जीएसटी वेगळा पडेल. तेव्हा काय करायचं?

ए-१०१ काकू: काका, वस्तूवर छापलेली एमआरपी सगळे कर धरूनच असते. तिच्यावर वेगळा कर मागता येत नाही. आणि बिल मागितल्यावर न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. नोंदणी असलेल्या दुकानदाराने दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीचं बिल आपण मागितलं नाही तर नाही दिलं तरी चालतं, पण मागितलं तर द्यायलाच हवं. कच्च्या चिठ्ठीवर कंपनी वॉरंटी मानत नाही, मग वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जातात.

पक्क्या बिलावर दुकानाचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक बघा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. काउंटरवर असतानाच वाचा, घरी येऊन नाही. काही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आणि दुकान मुंबईचं असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पण हे सगळं कशाच्या जोरावर? त्या एका कागदाच्या.

बी-१०४ काका: नोंद घेतली. ज्येष्ठांसाठी माझ्याकडून एक: मेडिक्लेम नसेल तर साठीच्या पुढच्यांच्या औषधोपचाराचा खर्च आयकराच्या वजावटीत ५०,००० पर्यंत दाखवता येतो. जुन्या करपद्धतीतच, आणि पैसे रोख दिलेले नसावेत. त्यासाठीही बिलं लागतात.

सेक्रेटरी: गावच्या घराचं कुणी बोललं नाही. आमच्या पावसच्या घराला नवे चिरे, कौलं, बाथरूम असं काम झालं. तिघा भावांत खर्च. त्याची बिलं किती वर्षं ठेवायची?

ए-१०१ काकू: घर आहे तोवर. पुढे कधी विकलं तर घरात घातलेली नवी भर खरेदीच्या किमतीत धरता येते, पण पुरावा हवा. साधी डागडुजी त्यात धरत नाहीत, म्हणून दोन्हींची पाकिटं वेगळी. गवंड्याकडे बिल नसतं, त्याची सही केलेली पावती घ्या: काम काय, तारीख, रक्कम. आणि तिघा भावांना त्याच दिवशी फोटो. सख्ख्या भावांत कुणी हिशेब विचारायला धजत नाही आणि मग मनात राहतं. न विचारता दाखवलेला बरा.

ए-२०४ ताई: काकू, सोन्याचं सांगा ना. आमच्याकडे बिलं नेहमी सासरेबुवांच्या नावावर.

ए-१०१ काकू: हे मी सगळ्या मुलींना कळकळीने सांगते. तुझ्या माहेराने तुला दिलेलं, तू तुझ्या पैशाने घेतलेलं, त्याच्या बिलावर तुझं नाव घाल. स्त्रीधन कुणाचं हे उद्या सिद्ध करायची वेळ येऊ नये, पण आली तर ते बिल तुझ्या बाजूने बोलेल. बिलात निव्वळ वजन, कॅरट, घडणावळ वेगवेगळी लिहिलेली हवी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय विकता येत नाहीत. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून दुकानातच तपास आणि वहीत उतरव.

ए-२०४ ताई: आणि आईच्या जुन्या पाटल्या? त्यांचं बिल कुणी कधी पाहिलेलंच नाही.

ए-१०१ काकू: हॉलमार्किंग केंद्रात शुद्धता तपासून देतात, तिथला कागद घे. वजन करून, वजनकाट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढ. कुणाकडून आल्या, कधी आल्या, ते आईच्या हाताने लिहून तिची सही घे.

ए-२०४ ताई: रविवारी चिपळूणला जातेय, तेव्हाच करते. वहीत नंबर कुठला देऊ? चालू महिन्यातलाच पुढचा?

ए-१०१ काकू: नको, मागून नवीन पान काढ. सोन्याचं पान वेगळं असू दे. ते काही महिन्याच्या खर्चात यायचं नाही, आणि दर वर्षी नवी वही केलीस की तेवढं एक पान पुढच्या वहीत उतरवायचं.