एच-१बी (अमेरिकेचा कामाचा व्हिसा) त्याच कंपनीत वाढवतेय, आय-९४ (इथे राहायची मुदत) संपत आलाय. काम, नवऱ्याचं कार्ड आणि दिराचं लग्न

सांगलीकर_फ्रिस्को:
मी डलासजवळ, एकाच कंपनीत. एच-१बीची नेहमीची सहा वर्षं केव्हाच उलटली; आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीचा अर्ज) मंजूर आहे म्हणून तीन-तीन वर्षांची वाढ मिळते. या वेळी वकिलांनी आय-१२९ (मुदतवाढीचा अर्ज) साध्या रांगेत टाकलाय, प्रीमियम (जादा फी भरून लवकर निकाल) नाही. रिसीट आलीय, पण आय-९४ पुढच्या महिन्यात संपतो. एचआरवाली म्हणते, "येत राहा कामावर." इतक्या सहज म्हणते की मलाच धडकी भरते. नवरा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा), त्याचं ईएडी कार्डही (कामाचा परवाना) त्याच तारखेला संपतं. त्यात फेब्रुवारीत सांगलीला धाकट्या दिराचं लग्न. सासूबाई रोज विचारतात, तिकिटं काढली का. काय सांगू?

जर्सीचे_काका:
एचआरवाली बरोबर सांगतेय. आय-९४ संपायच्या आत अर्ज पोचला असेल तर त्या तारखेनंतर २४० दिवस, त्याच कंपनीत, काम करता येतं. मधेच नकार आला तर मात्र त्याच दिवशी काम थांबवायचं. रिसीटची एक प्रत स्वतःजवळही ठेव. आणि ड्रायव्हिंग लायसन्सची तारीख आजच बघ! ती बहुतेक आय-९४ ला बांधलेली असते, आणि टेक्सासात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही.

एच४_वाली:
ताई, ते २४० दिवस फक्त तुमचे. दादांचा आय-५३९ (एच-४ च्या मुदतवाढीचा अर्ज) वेळेत गेला असेल तर त्यांना राहायला हरकत नाही, पण कार्ड संपलं की काम बंद. आधी आय-९४ शिल्लक असेल तर रिसीटवर कार्डाला आपोआप वाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना तीही नाही. २०२३ च्या कोर्टातल्या तडजोडीमुळे एच-४ चे अर्ज एच-१बी सोबतच तपासायचे, म्हणजे बायकोचा प्रीमियम भरला की नवऱ्याचंही सुटायचं. ती मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. आता सोबत होतीलही, पण भरवसा नाही. मी अशी घरी बसलेली आहे. दादांनी मॅनेजरच्या कानावर आत्ताच घालावं, शेवटच्या आठवड्यात नको.

जर्सीचे_काका:
आता लग्न. इथे मुदत वाढली तरी पासपोर्टातला शिक्का जुनाच राहतो, परत यायला नवा लागतो. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी वाल्यांचा ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय शिक्का) जवळपास बंदच, म्हणजे मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडिया तपासणी सुरू झाली आणि कितीतरी जणांच्या तारखा काही महिने पुढे गेल्या. लग्नाला गेलेले तिकडेच अडकले. अर्ज लटकलेला असताना तर अजिबात निघू नकोस. नव्या एच-१बी अर्जांवर लावलेली एक लाख डॉलरची अट इथे राहून मुदत वाढवणाऱ्यांना नाही, पण निकालाआधी बाहेर पडून ते गणित कशाला बिघडवायचं? वकिलाला लेखी विचार, फोनवर नको.

सांगलीकर_फ्रिस्को:
काका, मग नवऱ्याला एकट्याला पाठवू का? सख्खा भाऊ आहे हो. आणि प्रीमियमचे पैसे आम्ही भरले तर चालतं?

एच४_वाली:
त्यांनाही शिक्का लागणारच ना, ताई. शिवाय निकालाआधी गेले तर इथल्या आय-५३९ चा उपयोग उरत नाही.

जर्सीचे_काका:
प्रीमियम प्रवासासाठी, म्हणजे तुझ्या सोयीसाठी हवा असेल तर तू भरू शकतेस. मूळ अर्जाची फी आणि वकिलाचे पैसे मात्र कंपनीचेच. आय-९०७ (प्रीमियमचा अर्ज) आत्ताही टाकता येतो, पण तो वकिलामार्फतच जाईल. कामाच्या १५ दिवसांत निकाल येतो, नाहीतर आरएफई (आणखी कागद मागणारं पत्र). निकाल हातात आला की आधी मुंबईची तारीख बघ. तिकीट नंतर. सासूबाईंना सांग, व्हिडिओवर अक्षता टाकू.