डेबियनची सनद बदलली: रास्त की सोयीचं?

बूटलोडर: ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या विकासकांनी मतदान करून सामाजिक सनदेच्या (प्रकल्पाच्या मूळ वचननाम्याच्या) पाचव्या कलमात भर घातली: अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं (ज्याचा सोर्स खुला नाही किंवा जे बदलायची मुभा नाही असं) फर्मवेअर, म्हणजे कार्ड-चिपांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, ठेवता येईल. जून २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ पासून ते अमलात आहे, खडाखडी मात्र थांबलेली नाही. माझ्या मते दुसरा प्रामाणिक मार्गच नव्हता. २००४ साली सनदेची भाषा कडक केली, आणि मग सार्ज, एच (Etch), लेनी या तिन्ही आवृत्त्यांच्या वेळी 'एवढ्या खेपेपुरतं चालवून घ्या' असे ठराव करावे लागले. सनद बदलायची तर 'यांपैकी काहीच नको' या पर्यायावर तिनास एक मताधिक्य लागतं. ते मिळालं. वळसे घालण्यापेक्षा हे बरं.

तिरकस: मताधिक्याबद्दल वाद नाही. पण त्याच मतपत्रिकेवर 'सनद बदला, तरी दोन्ही इन्स्टॉलर ठेवा' हाही पर्याय होता. तो पडला, आणि पूर्ण मुक्त इन्स्टॉलर गेला. २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीत कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) ही फर्मवेअर एवढ्या कष्टाने उपसून काढली ती कशासाठी? आता बूट करताना 'फर्मवेअर=नेव्हर' लिहा म्हणतात. त्याने फर्मवेअर वापरलं जात नाही, आयएसओमध्ये (इन्स्टॉलरच्या उतरवायच्या फाइलमध्ये) ते असतंच.

बूटलोडर: दोन इन्स्टॉलर होतेच की! फर्मवेअरवाला 'अनधिकृत' म्हणून कोपऱ्यात ठेवलेला. नवखा माणूस अधिकृत उतरवायचा, वायफाय कार्ड मुकं, लॅपटॉपला इथरनेटचं भोक नाही, आणि इन्स्टॉलर म्हणणार फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवर द्या. नेट नाही म्हणून फाइल नाही, फाइल नाही म्हणून नेट नाही. अंधांची अडचण याहून मोठी. अनेक नव्या लॅपटॉपांत ध्वनीच्या चिपलाच फर्मवेअर लागतं. ते नसेल तर बोलणारा इन्स्टॉलर बोलत नाही, आणि काय बिघडलंय हेही कळत नाही.

संकलक: दोघंही आयएसओवर भांडताय. खरा फरक भांडारात (जिथून पॅकेजं उतरतात तिथं) पडलाय. पूर्वी वायफायच्या फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री' विभाग उघडला की बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हरपासून सगळ्याला दार उघडायचं. आता 'नॉन-फ्री-फर्मवेअर' वेगळा आहे, तेवढाच घ्या.

यात एक खोच आहे. ११ वरून १२ वर जाताना हा विभाग आपोआप जोडला जात नाही. सोर्सेस-लिस्टमध्ये (भांडाराचे कोणते विभाग वापरायचे त्या यादीत) 'मेन' या मुख्य विभागाच्या ओळीत तो हाताने लिहावा लागतो. एपीटी (पॅकेजं बसवणारं साधन) इशारा देतं, पण तो वाचतो कोण? जुनं फर्मवेअर जागेवर असतं, म्हणून सगळं सुरळीत वाटतं, फक्त अद्ययावत होणं बंद. इंटेल आणि एएमडीचे मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतला दुरुस्त करता येणारा कोड) याच विभागात गेलेत. आवृत्ती आली जूनमध्ये, झेनब्लीड (एएमडी प्रोसेसरमधलं सुरक्षेचं भगदाड) जाहीर झालं २४ जुलैला. ओळ विसरलेल्या एएमडी यंत्रावर मायक्रोकोडची दुरुस्ती पोचणारच नव्हती.

तिरकस: विभाग वेगळा केला हे उत्तमच, मला पूर्ण मान्य. पण त्यासाठी सनदेला हात लावायची गरज नव्हती. 'नॉन-फ्री' हा डेबियनचा भाग नाही, हे सनदेत आधीपासून लिहिलंय. त्याचे दोन तुकडे केले तरी तेच लागू.

बूटलोडर: आणि इन्स्टॉलर? तेच फर्मवेअर कार्डावरच्या फ्लॅश मेमरीत कोरलेलं आलं की तुम्हाला चालतं. फाइल म्हणून आलं की बाटलं! उलट फाइल निदान दिसते, बदलता येते.

तिरकस: फ्लॅशमधलं फर्मवेअर डेबियन वितरित करत नाही, कारखाना करतो. सनद आहे ती आपण काय वितरित करतो याची. तुमच्या यंत्रात काय चालतं याचं वचन तिने कधीच दिलं नव्हतं.

संकलक: तुमचं चालू द्या. ज्यांनी ११ वरून उडी मारली त्यांनी आधी ती ओळ तपासा.