डोळे मिटले की उघडे, हे ओळखायला केवढी चिप लागते?

चाकण_ते_चिंचवड

परवा ईव्हीच्या धाग्यावर 'सिलिकॉनभक्त' यांनी एक पिंक टाकली: "ड्रायव्हर मॉनिटरिंगच्या वेगळ्या छोट्या चिप्स दोन-तीन वर्षांत इतिहासजमा. पुढे गाडीत शेकडो टॉप्सचा एकच मेंदू असेल. चेहरा, मूड, थकवा सगळं तोच वाचेल, उरलंसुरलं क्लाउड बघेल." (टॉप्स म्हणजे चिप सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करते त्याचं माप.) तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता म्हणून इथे वेगळा काढतोय. (इथेही भरकटेलच म्हणा.)

आधी काम किती आहे ते बघा. स्टिअरिंग कॉलमवर किंवा आरशाजवळ एक इन्फ्रारेड कॅमेरा, शेजारी 940 नॅनोमीटरचे एलईडी. ते डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून रात्री त्रास नाही. सेकंदाला तीसेक कृष्णधवल फ्रेम्स. त्यात चेहरा शोधायचा, मान कुठे वळलीय बघायचं, बुबुळ कुठे आहे बघायचं, पापणी किती उघडी आहे ते मोजायचं. मग गेल्या मिनिटभरात डोळे किती वेळ जवळपास मिटलेले होते, त्याची टक्केवारी. पर्क्लोस म्हणतात ते हेच, आणि ते आजकालचं नाही. लेक्ससने 2006 मध्ये स्टिअरिंग कॉलमवर कॅमेरा लावला तेव्हा एआय चिप हा शब्द कुणाच्या जाहिरातीत नव्हता.

आठ बिटांवर उतरवलेलं, म्हणजे आकडे आखूड करून हलकं केलेलं न्यूरल नेटवर्क हे सगळं एक-दोन टॉप्समध्ये उरकतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीडीए4व्हीएम 8 टॉप्सची आहे आणि ती बाहेरचे कॅमेरेही सांभाळते. पापण्या मोजायला शेकडो टॉप्स म्हणजे डास मारायला तोफ. आणि क्लाउड? समृद्धीवर 120 ने चाललेली गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. इगतपुरीच्या बोगद्यात रेंज शोधत बसणार का?

माझा अंदाज असा. वीस लाखांच्या वरच्या गाड्यांत वेगळी चिप जाईल, हे मान्य. तिथे कॉकपिटची, म्हणजे स्क्रीन चालवणारी चिप आधीच दणकट असते. आमच्या चाकणलाच बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई मध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 8295 चिप आहे, ड्रायव्हरवर नजर ठेवणारा केबिन कॅमेराही आहे. पण ट्रक, बस आणि स्वस्त गाड्या? तिथे काचेला चिकटवलेला डबा, आत स्वतःची बारकी चिप, हे पुढची दहा वर्षं हलत नाही.

सिलिकॉनभक्त

पिंक? बरं. माझं अर्धंच वाक्य उचललंत म्हणून पूर्ण सांगतो. शेकडो टॉप्स डोळ्यांसाठी लागतात असं मी म्हटलंच नव्हतं. ते एडाससाठी (आपोआप ब्रेक, लेन सांभाळणं वगैरे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा) गाडीत येणारच आहेत, डोळे त्यात फुकटात बसतात. वेगळा डबा म्हणजे वेगळा सप्लायर, वेगळी वायर, वेगळा अपडेट. कुठला परचेसवाला हे चालू ठेवेल?

आणि गरज फक्त पापण्यांची राहिलेली नाही. युरोपात 7 जुलै 2026 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत लक्ष विचलित झाल्याचा इशारा सक्तीचा आहे. 50 च्या वर वेग असेल आणि साडेतीन सेकंद नजर खाली राहिली की गाडीने बोललंच पाहिजे. टेस्लाला डिसेंबर 2023 मध्ये वीस लाख गाड्यांचा रिकॉल काढावा लागला, तोही ड्रायव्हर लक्ष देतोय की नाही याची तपासणी ढिली म्हणून. उद्या हातातला फोन, मागच्या सीटवर राहिलेलं मूल, सीटबेल्ट, सगळं एकाच कॅमेऱ्याने बघायचंय. एक-दोन टॉप्समध्ये बसवून दाखवा.

बोर्डवाली

स्टुटगार्टजवळ हेच करून पोट भरते, म्हणून बोलते. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

कॉकपिटच्या चिपवर गाणी, नकाशे आणि अँड्रॉइड चालतं. ते अडकलं की स्क्रीन गोठते, लोक शिव्या देतात आणि गाडी चालवत राहतात. झोपेचा इशारा त्याच्यासोबत गोठून चालत नाही. मग मध्ये हायपरवायजर (एकाच चिपचे वेगळे कप्पे पाडणारं सॉफ्टवेअर) घाला, सुरक्षेचा भाग वेगळ्या कप्प्यात ठेवा, एनपीयू, म्हणजे चिपमधला एआयचा भाग, कुणाला आधी मिळणार त्याचं भांडण सोडवा. सिलिकॉन फुकट, पण ते सिद्ध करून देणारी माणसं फुकट नाहीत. त्या कागदपत्रांत माझे केस पांढरे झालेत.

चाकणकर, तुमच्या डब्याचं दुखणं वेगळं. काचेमागे कॅमेरा, त्यालाच चिकटून चिप, वर नागपूरचा मे महिना. गाडीतल्या चिप्स बहुतेक 105 अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी पास केलेल्या असतात, पण बाजारात लावून मिळणाऱ्या डब्यांत कुठली चिप असते ते देव जाणे. गरम झाली की ती वेग कमी करते, तीसच्या दहा फ्रेम होतात. दहा फ्रेममध्ये पापणीची उघडझाप नीट सापडत नाही.

सिलिकॉनभक्त

म्हणजे डबा वाईट. हेच तर मी म्हणत होतो, ताई. 🙏

बोर्डवाली

मी "डबा वाईट" म्हटलेलं नाही, स्वस्त डबा वाईट म्हटलंय. वाचत जा हो.

मालवाहू_जळगाव

टॉप्स टॉप्स काय लावलंय राव. ते कानातले टॉप्स वाटून बायकोने विचारलं काय वाचताय.

मी ट्रक चालवतो म्हणजे चालवून घेतो. मागच्या वर्षी गाड्यांना हे डबे बसवले. डुलकी लागली, फोन उचलला, सिगारेट ओढली की केबिनमध्ये बोंबलतो आणि मला मोबाइलवर क्लिप येते. पहिल्या आठवड्यात क्लिपांचा पाऊस. बघतो तर काय, ड्रायव्हर खिडकीतून गुटखा थुंकतोय, डबा म्हणतो लक्ष नाही. थंडीत मफलर नाकापर्यंत ओढला की म्हणतो चेहराच नाही. एकाचे डोळे मुळातच बारीक, तो बिचारा दिवसभर "झोपलेला". दुसऱ्या महिन्यात सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर काळी टेप, एकाने तर वर गणपतीचा स्टिकर लावला, म्हणजे मी काढायला सांगू नये.

आता नियम केलाय, टेप दिसली की त्या फेरीचा भत्ता कापतो. खऱ्या डुलकीची क्लिप आली तरी कापतो. तेव्हापासून सरळ आहेत.

रातराणीचा_मुलगा

वा शेठ. डुलकी लागली म्हणून भत्ता कापता? डुलकी काय तो मजेसाठी घेतो?

माझे वडील आयुष्यभर ट्रॅव्हल्सच्या गाड्यांवर. कागदावर दोन ड्रायव्हर, गाडीत एकच. सकाळी पोचायचं, डिकीत सामानाशेजारी दोन-तीन तास पडायचं, संध्याकाळी तीच गाडी परत. 1961 चा कायदा होता, मोटार वाहतूक कामगाराला दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. तुमच्या किती ड्रायव्हरांना माहीत होता तो कायदा? डबा थकवा मोजतो ना, मग महिन्याचे थकव्याचे आकडे एकत्र करून मालकाला दंड का नाही? कॅमेरा फक्त एकाच बाजूला तोंड करून का बसवता?

मालवाहू_जळगाव

भाऊ, हप्ता, डिझेल, टोल, टायर हे तू भरतोस का? पार्टी म्हणते माल उद्या सकाळी भिवंडीत पायजे, नाहीतर पुढचं लोडिंग दुसऱ्याला. दोन ड्रायव्हर द्यायला भाडं परवडतं कुठे. घरबसल्या कायदा सांगणं सोपं असतं.

रातराणीचा_मुलगा

घरबसल्या नाही. वडिलांच्या मांडीवर बसून रात्रभर बडबड करायचो, त्यांना झोप लागू नये म्हणून. तुमच्या डब्याचं काम लहानपणी मी केलंय, माझी क्लिप मालकाला जात नव्हती एवढाच फरक.

टोलग्रस्त

दोघेही थांबा. मूळ मुद्दा रस्त्याचा आहे. 701 किलोमीटरचा महामार्ग बांधला, ट्रक उभा करून तासभर पाठ टेकायला धड जागा किती ते सांगा. सरळ रेषा, एकसारखं काँक्रीट, माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ बस पेटली, 25 माणसं गेली, मग टायर फुटला की डुलकी लागली यावर वाद. टोल मात्र पहिल्या दिवसापासून. आधी थांबे द्या, मग चिप लावा. आणि कल्याण-शीळ रस्त्यावर कुणाला झोप लागूच शकत नाही, तिथे खड्डेच ड्रायव्हर मॉनिटरिंग करतात.

चाकण_ते_चिंचवड

धागा चिपचा होता याची नम्र आठवण.

टोलग्रस्त

तुमची चिप खड्ड्यात.

पानशेतचा_पाहुणा

एक बेसिक शंका. झोपेच्या इशाऱ्याला कॅमेरा लागतोच असं कुणी सांगितलं? युरोपातला झोपेचा नियम आणि लक्ष विचलित झाल्याचा नियम वेगवेगळे आहेत. झोपेचा इशारा स्टिअरिंग कसं हलतंय आणि गाडी रस्त्यावरच्या लेनच्या पट्ट्यात कशी डुलतेय यावरूनही देता येतो. माझ्या गाडीत कॉफीच्या कपाचं चित्र येतं, आत कॅमेराबिमेरा काही नाही.

आपल्याकडे रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2025 चा मसुदा बस-ट्रकना झोपेचा इशारा आणि लेनचा पट्टा सोडल्याचा इशारा दोन्ही लावायला सांगत होता, नव्या मॉडेलना एप्रिल 2026 पासून. पट्ट्यासाठी समोरचा कॅमेरा येणारच. झोपेचं गणित त्याच चिपवर उरकलं की केबिनमधला डबा ट्रकमधूनही गेला. चाकणकरांचं दहा वर्षांचं भाकीत तिथे अडकतं, आणि सिलिकॉनभक्तांचा महामेंदूही लागत नाही.

चाकण_ते_चिंचवड

आकर्षक आहे, पण पट्टे कुठेत? समृद्धीवर आहेत. जळगाव सोडल्यावर गावातून जाणाऱ्या रस्त्यावर पांढरी रेघ दाखवा आणि शंभर रुपये घेऊन जा. रेघ नाही तर डुलणं कशाच्या हिशेबाने मोजणार? शिवाय लोड भरलेला जुना ट्रक स्टिअरिंगच्या मोकळ्या खेळामुळे शुद्धीतही डुलतोच.

नवीन गाडी, चांगला रस्ता, तिथे तुमचं बरोबर. समोरच्या चिपमध्ये झोपेचं काम जाऊ शकतं. एवढं देतो, जास्त मागू नका.

बोर्डवाली

मालवाहू आणि रातराणी भांडतायत ते चिपच्या बाहेरचं वाटतंय सगळ्यांना, पण तिथेच खरी गोम आहे. डोळे मिटले हा निर्णय डब्यातली चिप डब्यातच घेते. त्यासाठी व्हिडिओ बाहेर जायची काहीच गरज नाही. युरोपच्या नियमात हे चक्क लिहून ठेवलंय: यंत्रणा बंद वर्तुळात चालली पाहिजे, माहिती तिसऱ्याला द्यायची नाही, चेहऱ्यावरून माणूस ओळखायचा नाही. माझ्या बोर्डवरून फ्रेम बाहेर जायला रस्ताच ठेवत नाही आम्ही.

तुमच्या डब्याला सिम आहे, कारण विकणाऱ्याचा धंदा महिन्याच्या वर्गणीवर चालतो. बोंबलायला सिम लागत नाही. भत्ता कापायला लागतं. ड्रायव्हर टेप लावतात ती बोंबलण्याच्या भीतीने की क्लिपच्या?

मालवाहू_जळगाव

ताई, क्लिपच्याच. एवढं कळतं मला. सगळा गाव मूर्ख आणि स्टुटगार्ट शहाणं असं नाही.

सिलिकॉनभक्त

म्हणजे शेवटी ऑन-डिव्हाइस हवं. क्लाउडचा मुद्दा मी मागे घेतो, खूश? एक मेंदूचा मुद्दा घेत नाही. आणि 2023 चा डिजिटल डेटाचा कायदा इथेही आहे, ड्रायव्हरची संमती घेतली का शेठ?

मालवाहू_जळगाव

घेतली की. "डबा बसवतोय, चालेल ना?" असं विचारलं. "नाही" म्हणणारा दुसऱ्या मालकाकडे गेला.

रातराणीचा_मुलगा

ही संमती! टाळ्या!!

मालवाहू_जळगाव

तू बोल बाबा. पण एक सांगतो, मागच्या पावसाळ्यात धुळ्याच्या पुढे डबा बोंबलला, ड्रायव्हर ढाब्यावर थांबला, दोन तास झोपला. मीच फोनवर म्हटलं झोप. त्या दिवशी भत्ता नाही कापला.

रातराणीचा_मुलगा

मग ते दोन तास रोज द्या, वेळापत्रकात लिहून. डबा न बोंबलताही.

मालवाहू_जळगाव

पार्टीला तूच फोन कर, नंबर देतो.

बोर्डवाली ताई, नुसता बोंबलणारा, क्लिप न पाठवणारा डबा इकडे मिळतो का? बिलासकट भाव कळवा. माझ्याकडच्यांचं सिम काढून बघितलं, डबेवाला म्हणतो वॉरंटी जाईल, आणि विमेवाला अपघातानंतर आधी क्लिपच मागतो.

बोर्डवाली

बाहेरचा रस्ता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची क्लिप विमेवाल्याला पुरते. आतल्या कॅमेऱ्याचं अपलोड बंद आणि बाहेरचं चालू, अशी सेटिंग त्याच्याकडे असते बहुतेक, फक्त तो स्वतःहून सांगत नाही. आधी ते विचारा. मॉडेल नंबर टाका इथे, चिप कुठली आहे तेही बघू.

टोलग्रस्त

आणि टोलच्या पावत्या पण टाका.