किंगपिनपर्यंत पोचणारा खटला: सुपरहिरोपटांचे लांबवलेले कट खरोखर चांगले असतात का?

उशिराचा खेळ (धागाकर्ता)

'डेअरडेव्हिल' 14 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा त्याची लांबी 103 मिनिटे होती. पुढच्या वर्षी डीव्हीडीवर आलेला त्याचा डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणे जुळवलेली आवृत्ती, 133 मिनिटांचा होता. सुपरहिरोंचे चित्रपट आधीच गरजेपेक्षा मोठे असतात, त्यांत आणखी भर घालणे म्हणजे चाहत्यांच्या खिशात दुसऱ्यांदा हात घालणे, असे मत सर्रास ऐकू येते. मला ते बहुतेक वेळा पटतेही. मात्र या वाढीव तीस मिनिटांपुढे ते टिकत नाही असे मला वाटते आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातील मॅट मर्डॉक (बेन अ‍ॅफ्लेक) हा अंध वकील दिवसा न्यायालयात उभा राहतो आणि रात्री लाल चामडी पोशाख घालून, न्यायालयातून सुटलेल्या गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा देत फिरतो. सुरुवातीलाच निर्दोष सुटलेल्या एका बलात्काऱ्याला तो रेल्वेखाली मरू देतो. शेवटी मात्र, ज्याने आपल्या वडिलांचा जीव घेतला तो किंगपिन, म्हणजे शहराच्या गुन्हेगारी जगाचा म्होरक्या, हाती सापडल्यावर हाच माणूस त्याला जिवंत सोडून कायद्याच्या हवाली करतो. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत हा बदल कोठून आला ते कळतच नाही. सूडाने पेटलेल्या माणसाला अचानक कायदा आठवतो आणि पोलीसही जणू वेळापत्रक पाहून दारात हजर होतात.

डायरेक्टर्स कटमध्ये एक संपूर्ण उपकथानक परत आले आहे. एका वेश्येच्या खुनाचा आरोप असलेल्या दांते जॅक्सन या इसमाचे वकीलपत्र मॅट आणि त्याचा भागीदार फॉगी नेल्सन घेतात. ही भूमिका रॅपर कूलिओने केली होती आणि चित्रपटगृहातील आवृत्तीतून ती समूळ कापली गेली होती. खटला तसा किरकोळ आहे, अशील फारसा सोज्वळ नाही, पैसे मिळण्याची आशा तर नाहीच. तरीही त्याचा माग काढत काढत वकिलांची ही जोडी किंगपिनच्या कारभारापर्यंत येऊन पोचते. यामुळे दोन गोष्टी साधतात. किंगपिनविरुद्धचा पुरावा आकाशातून पडत नाही, तो कामातून उभा राहतो. आणि अखेरीस मॅट ज्या कायद्यावर विसंबतो तो कायदा एखाद्या निरपराध गरिबाच्या उपयोगी पडू शकतो, हे त्याने आणि आपण पाहिलेले असते. फॉगीलाही (जॉन फॅव्हरो) येथे विनोदापलीकडे काही काम मिळते, ही जाता जाता झालेली मिळकत.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की परत आलेली मिनिटे 'का' या प्रश्नाचे उत्तर देत असतील तर चित्रपट लांब होऊनही हलका वाटतो, आणि ती नुसती 'आणखी' असतील तर तो जड होतो.

कात्रीवाला

धागाकर्त्यांनी उदाहरण आपल्या सोयीचे निवडले आहे, हे प्रथम नोंदवतो. 'डेअरडेव्हिल' हा अपवाद आहे. नियम पाहायचा असेल तर 2004 च्या 'स्पायडर-मॅन 2' कडे पाहावे. 2007 मध्ये त्याची सुमारे आठ मिनिटांनी वाढवलेली आवृत्ती आली. तीत संपादक जेमसन स्पायडर-मॅनचा पोशाख घालून टेबलावर उड्या मारतो. मला हसू आले, हे कबूल करतो. परंतु त्या दृश्यावाचून मूळ चित्रपटाचे काहीही अडले नव्हते.

'एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट' चे उदाहरण अधिक बोलके आहे. 2014 मध्ये चित्रपटगृहात आलेल्या आवृत्तीतून संकलकाने रोग (Rogue) या व्यक्तिरेखेचे उपकथानक जवळजवळ पूर्ण वगळले होते. 2015 मध्ये ते सुमारे सतरा मिनिटांच्या भरीसह 'रोग कट' या नावाने परत आले. त्या दृश्यांत नायकांची एक सुटका-मोहीम आहे, धोका आहे, एक मृत्यूही आहे. तरीही दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहणाऱ्याला कथेच्या शेवटात फरक जाणवत नाही. ज्याला वगळूनही इमारत उभी राहते तो खांब नव्हे, ती शोभेची कमान. संकलकाला हे आधीच कळले होते आणि आपण मात्र त्याच्या टोपलीतून चिंध्या वेचतो आहोत.

आपल्याकडे जुनी संगीत नाटके रात्र रात्र रंगत असत. त्यांतील पदे गाळून, प्रवेश आटोपशीर करून ती आज अडीच-तीन तासांत सादर होतात आणि कथा कोठेही तुटत नाही. कापणे हीसुद्धा कला आहे, याचा विसर पडू नये.

तिसरी रांग

कात्रीवाले, संगीत नाटकाची तुलना येथे लागू होत नाही, असे मला नम्रपणे वाटते. पदे गाळणारा माणूस प्रेक्षकांसाठी गाळतो आणि सुभद्रा-अर्जुनाची गोष्ट प्रेक्षकांना ठाऊक असते. चित्रपटातील नवी गोष्ट आपण पहिल्यांदा ऐकत असतो, तिचा दुवा गळला तर तो मनातल्या मनात भरून काढता येत नाही.

2016 चा 'बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन' घ्या. चित्रपटगृहात तो 151 मिनिटांचा होता, घरी पाहण्यासाठी नंतर आलेली आवृत्ती 182 मिनिटांची आहे. आफ्रिकेतील नैरोमी या काल्पनिक ठिकाणी झालेल्या हत्याकांडाचा ठपका सुपरमॅनवर येतो, अशी कथेची सुरुवात आहे. मूळ आवृत्तीत तेथील माणसे बंदुकीच्या गोळ्यांनी मरतात. ज्याच्या डोळ्यांतून अग्निज्वाला निघतात तो गोळ्या का झाडेल, हा प्रश्न चित्रपटगृहातून बाहेर पडताना मी माझ्या भावाला विचारला होता आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. मोठ्या आवृत्तीत भाडोत्री सैनिक प्रेते जाळतात, म्हणजे पाहणाऱ्याला ते सुपरमॅनचेच कृत्य वाटावे. सिनेटपुढे साक्ष देणारी काहिना झिरी हीसुद्धा पढवून उभी केलेली साक्षीदार आहे, ती पुढे सिनेटर फिंचकडे सत्य कबूल करते आणि मग तिला रेल्वेखाली ढकलले जाते. मूळ आवृत्तीत ती दोन वाक्ये बोलून नाहीशी होते.

दुसरा दुवा व्हीलचेअरचा. सिनेटच्या सभागृहात स्फोट होतो तेव्हा सुपरमॅन तेथेच उभा असतो आणि त्याला भिंतीपलीकडचे दिसत असूनही बॉम्ब दिसत नाही. मोठ्या आवृत्तीत सुपरमॅनची प्रेयसी, पत्रकार लोइस, हिला कळते की खुर्ची आतून शिशाने मढवलेली होती. शिशाच्या आरपार त्याला दिसत नाही, हे या पात्राचे जुने बंधन आहे. स्फोटानंतर तो जखमींना उचलून बाहेर आणताना दिसतो, तेही याच आवृत्तीत. आधीच्या आवृत्तीत तो मलूल चेहऱ्याने उभा राहतो आणि निघून जातो. नायकाविषयीचे आपले मत बदलायला यापेक्षा अधिक काय हवे?

कात्रीवाला

दुव्यांचे म्हणणे मान्य. परंतु बॅटमॅन आणि सुपरमॅन यांचे वैर दोघांच्या आयांचे नाव एकच निघाल्यामुळे मिटते, ते 182 मिनिटांतही तसेच मिटते. डूम्सडे या राक्षसाबरोबरची अखेरची मारामारी तेवढीच कर्कश राहते. डागडुजी करून पायऱ्या सरळ केल्या म्हणून वरच्या मजल्याचे गळके छप्पर बंद होत नाही.

शिवाय ज्याने पहिल्या आठवड्यात पूर्ण दराचे तिकीट काढले त्याने अर्धवट वस्तू विकत घेतली, हे धागाकर्त्यांना खटकत नाही का? कंपनीला चित्रपट दिवसातून जास्त वेळा दाखवता यावा म्हणून कथेची कारणे कापायची आणि तीच कारणे मग 'विशेष आवृत्ती' म्हणून विकायची, या व्यवहाराला आपण टाळ्या वाजवत आहोत.

मध्यंतर

एक लहानशी पुस्ती. आपल्या चित्रपटगृहांत इंग्रजी चित्रपटालाही मध्यंतर होते आणि ते बहुधा वाक्याच्या मध्येच होते. तीन तास बसण्याची सवय आपल्या प्रेक्षकाला आहे. त्यामुळे लांबीची तक्रार आपल्याकडून तरी शोभत नाही.

दुसरे असे, की सगळ्या 'सुधारित' आवृत्त्या लांबच असतात असेही नाही. 'सुपरमॅन 2' ची मूळ दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांची आवृत्ती 2006 मध्ये आली. ती 1980 च्या आवृत्तीपेक्षा सुमारे दहा मिनिटांनी लहान आहे. डॉनर यांना चित्रीकरण अर्धवट असताना काढून टाकण्यात आले होते आणि उरलेले काम रिचर्ड लेस्टर यांनी केले. डॉनर यांच्या आवृत्तीत सुपरमॅनचे वडील झालेल्या मार्लन ब्रँडोची दृश्ये परत आली. एक महत्त्वाचा प्रसंग चित्रितच झालेला नसल्याने तो कलाकारांच्या चाचणी चित्रीकरणातून जोडावा लागला. दृश्यागणिक नायकाची केशरचना बदलते, पण बाप-लेकाचे नाते कितीतरी खोल होते. म्हणून प्रश्न लांबीचा नसावा, चित्रपट कोणाच्या हाती होता याचा असावा.

उशिराचा खेळ (धागाकर्ता)

मध्यंतर यांचा मुद्दा मला जवळचा वाटतो, तरी पूर्ण मान्य नाही. 2021 चा चार तासांचा 'जस्टिस लीग' मी मुद्दामच उदाहरणात घेतला नाही. 2017 मध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडर मुलीच्या निधनानंतर बाजूला झाले आणि जॉस व्हीडन यांनी दोन तासांचा चित्रपट पूर्ण केला. त्या दोन आवृत्त्या हे दोन माणसांचे दोन चित्रपट आहेत, एकाच चित्रपटाचे आखूड आणि लांब रूप नव्हे. 'डेअरडेव्हिल' मध्ये दोन्ही वेळा दिग्दर्शक मार्क स्टीव्हन जॉन्सनच होते. हात तोच असताना चित्रपट बदलला, म्हणून मला ते उदाहरण अधिक महत्त्वाचे वाटते.

त्याच आवृत्तीत काही कापलेही आहे, ते मी आधी लिहायला हवे होते. चित्रपटगृहातील आवृत्तीत प्रेयसी इलेक्ट्राबरोबरच्या रात्री मॅटला दूरवरून मदतीची हाक ऐकू येते, इलेक्ट्रा त्याला थांबायला सांगते आणि तो थांबतो. डायरेक्टर्स कटमध्ये तो निघून जातो आणि प्रणयदृश्य होतच नाही. म्हणजे तीस मिनिटे वाढवणाऱ्या माणसानेही कात्री खाली ठेवली नव्हती.

कात्रीवाल्यांचा तिकिटाचा आक्षेप मला खोडून काढता येत नाही आणि काढायचाही नाही. प्रेक्षक म्हणून मलाही राग येतो. परंतु व्यवहार वाईट म्हणून त्यातून हाती आलेला चित्रपट वाईट ठरत नाही.

कात्रीवाला

हे मान्य करतो. 'डेअरडेव्हिल' मी पुन्हा पाहीन, या वेळी 133 मिनिटांचा.

मात्र 'बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन' बाबत एक गोष्ट सांगूनच थांबतो. दोघे नायक एकमेकांवर चालून जाणार, एवढ्यात डायना (वंडर वुमन) संगणकावर बसून फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन आणि सायबॉर्ग या इतर सुपरहिरोंच्या चित्रफिती एकामागून एक पाहत बसते. पुढच्या चित्रपटांची ही जाहिरात 151 मिनिटांच्या आवृत्तीतही होती आणि 182 मिनिटांच्या आवृत्तीतही आहे. काहिना झिरीचा कबुलीजबाब कापला गेला आणि हे मात्र राहिले.

उशिराचा खेळ (धागाकर्ता)

त्या दृश्यापुरती आपली कात्री मी स्वतः धार लावून देतो.