‘उत्क्रांती मानता का?’ : शब्द आणि क्रियापद

(नाशिक परिसरातल्या पाच जणांची चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं ठिकाण दिलं आहे.)

गंगापूर रोड

दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा सुरू झाला की कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तुम्ही उत्क्रांती मानता की देव मानता?” मला त्यातलं क्रियापद खटकतं. एकाच ‘मानणे’ला दोघांना कसं जुंपलं? दुसरं, ‘उत्क्रांती’ हा शब्द मुळात कुठला? मुलं ‘हळूहळू होणारी क्रांती’ असं सर्रास लिहितात.

जुने नाशिक

ताई, शब्द संस्कृत. उत् + क्रम्, म्हणजे वर किंवा बाहेर पाऊल टाकणे. जुना अर्थ ऐकून मुलं दचकतील. वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांत (२.३.१९), ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’ असं येतं, तिथे उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून निघणं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ हेही तेच. मरणाच्या क्षणाचा शब्द आपण प्रजाती घडण्याला लावला.

क्रांतीचंही तसंच. क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग), संक्रांत यांत बंडाचा वासही नाही, नुसतं सरकणं आहे. तेव्हा मुलांनी जोडलेलं नातं खरं आहे, लावलेला अर्थ तेवढा चुकला.

शेजारच्या भाषांनीही दर्शनांच्याच कोठारात हात घातला. बंगालीत ‘विवर्तन’, तमिळमध्ये ‘परिणाम’ला जोडून केलेला शब्द, हिंदीत ‘क्रमविकास’. वेदान्त्यांचा विवर्त म्हणजे दोरीवर दिसलेला साप, म्हणजे बदल नाहीच, नुसता भास. सांख्यांचा परिणाम म्हणजे दुधाचं दही, खरा बदल. माझ्या मते ‘परिणाम’ सर्वांत नेमका होता, पण मराठीत तो औषधाच्या बाटलीवर आधीच जाऊन बसला होता. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) हेकेल या जर्मन उत्क्रांतिवादी जीवशास्त्रज्ञाला सांख्यांच्या पंगतीला बसवलंच आहे. म्हणजे आपल्याकडे या विषयाचं स्वागत भांडणाने झालं नाही, ‘हे तर आमच्याकडे होतंच’ असं झालं. त्याचा त्रास वेगळा.

सिडको

तो त्रास म्हणजे दशावताराचा मेसेज. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: पाहा, डार्विनच्या आधी उत्क्रांती! ही जुळवाजुळव थिऑसॉफी या गूढ-आध्यात्मिक पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ साली छापली होती, पुराणकारांनी नव्हे. शब्दांकडेच पाहा ना. अवतार म्हणजे खाली उतरणे, उत्क्रांती म्हणजे वर चढणे. एकाच जिन्यावर दोघे उलट दिशांनी निघालेले. शिवाय परशुराम, राम, कृष्ण हे तिघे एकाच प्रजातीचे. मासा मनूची नाव ओढायला आला होता, पाय फुटायला नाही. अशा तुलनेने विज्ञानाचं भलं होत नाही आणि भाविकाच्या हातची गोष्टही जाते.

पण ‘उत्’ हा उपसर्ग चुकीचाच. जीवशास्त्रात ‘वर’ असं काही नसतं. गुहेतल्या आंधळ्या माशाने डोळे गमावले, तीही उत्क्रांतीच. डार्विनला स्वतःलाही शब्दाची घाई नव्हती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम येतच नाही. त्याचं क्रियापद तेवढं येतं, तेही पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून.

पंचवटी

मी रोज रामकुंडावर जाणारा माणूस. डार्विनशी माझं वैर नाही. माझा आक्षेप ‘नैसर्गिक निवड’ या शब्दावर आहे. निवड म्हटली की निवडणारा आला. तुमच्याच पुस्तकाने कर्त्याची जागा मोकळी ठेवली. तिथे मी देव बसवला तर ती अंधश्रद्धा कशी?

गंगापूर रोड

काका, हा आक्षेप डार्विनने स्वतः मान्य केला होता. १८६० मध्ये त्याने आपले भूवैज्ञानिक मित्र लायेल यांना लिहिलं की पुन्हा सुरुवात करायची असती तर आपण ‘निवड’ऐवजी ‘जतन’ असा शब्द घेतला असता. नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या वॉलेस यांनीही १८६६ मध्ये हेच सुचवलं: निसर्ग कुणी बसून निवडतोय असं वाटतं, त्यापेक्षा तत्त्वज्ञ स्पेन्सरचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग बरा. तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत आला आणि त्याने वेगळाच घोळ घातला. आपल्याकडे तो ‘बळी तो कान पिळी’ असा वाचला गेला.

मराठीत खरं तर तयार शब्द आहे: टिकाव लागणे. ‘त्याचा तिथे टिकाव लागला नाही’ यात ढकलणारा कुणी नाही, पळणारा भित्रा आहे असंही नाही. ‘नैसर्गिक टिकाव’ म्हटलं असतं तर कर्त्याचा प्रश्न उठला नसता. देवाला तिथे बसवायला मनाई नाही. दुसऱ्या आवृत्तीत डार्विननेच शेवटच्या वाक्यात ‘निर्मात्याकडून’ असे शब्द घातले होते. फक्त ती खुर्ची व्याकरणाने दिलेली आहे, पुराव्याने नाही.

निफाड

बागेतला एक शब्दप्रयोग मांडते. ‘केवड्याला औषधाची सवय झाली.’ केवडा हा द्राक्षवेलीचा रोग. आमच्याकडे द्राक्षवाला प्रत्येक माणूस हे म्हणतो. मीही म्हणते, कृषी पदवी घेऊनसुद्धा.

हे वाक्य लामार्कचं आहे, म्हणजे जगताना कमावलेले गुण पिल्लांत उतरतात असं म्हणणाऱ्या, डार्विनच्या आधीच्या शास्त्रज्ञाचं. सवय झाली म्हणजे त्याच बुरशीने औषध पचवायला शिकून घेतलं. (काटेकोरपणे ही खरी बुरशी नव्हे, पण बागेत बुरशीच म्हणतात.) होतं ते असं: असंख्य बीजाणूंत एखाद्याच्या एका प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलानिन आलेलं असतं. स्ट्रॉबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटातलं औषध त्याला धरत नाही. फवाऱ्यात बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढची सगळी पैदास त्याची. कुणीही काहीही शिकलेलं नसतं. म्हणून तर औषधांचे गट आलटून-पालटून मारायला सांगतात. त्याच त्या गटाचे फवारे लागोपाठ मारले की आपण स्वतःच त्या एकाची वाट मोकळी करतो.

आमच्या गावात पारायणाला बसणारा माणूसही गट बदलूनच फवारतो. उत्क्रांती मानतो का विचारलं तर नाही म्हणेल. तो चुकतो असं मला वाटत नाही. त्याला विचारलेलं चुकलं.

सिडको

ताईंच्या घोटाळा करणाऱ्या शब्दांच्या यादीत ‘पासून’ही घाला. ‘माकडापासून माणूस झाला.’ दुधापासून दही झालं की दूध संपतं, म्हणून लोक विचारतात, मग माकडं उरली कशी? २०१८ च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, म्हणून डार्विन चूक, असं म्हटलं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना निवेदन काढावं लागलं. चिंपांझी आपला बाप नव्हे, भावकी आहे. सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. भावकी अजून हयात कशी, असं गावात कुणी विचारत नाही.

आणि ‘नुसती थिअरी आहे’ हे फक्त इंग्रजी शब्द घेऊनच बोलता येतं. ‘नुसता सिद्धांत आहे’ म्हणून पाहा, जीभ अडखळते. सिद्ध झालेला अंत, त्याला ‘नुसता’ कसं लागणार?

जुने नाशिक

आता मूळ प्रश्न. देव मानतो, उपकार मानतो, हार मानतो, वाईट मानू नका. ‘मानणे’ म्हणजे माणसाने एक नातं पत्करणं. त्यात पुराव्याचा हिशेब नसतो आणि तो मागायचाही नसतो. अंजनेरीला मारुती जन्मला असं आम्ही मानतो. त्याच डोंगरावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ नावाची कंदीलपुष्पाची जात उगवते, हे कुणी मानत नाही, पावसाळ्यात चढून पाहतात. ‘गुरुत्वाकर्षण मानता का?’ असा प्रश्न मराठीत होत नाही. उत्क्रांतीला ‘पटणे’ किंवा ‘कळणे’ लावा. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग गेला, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. आपल्या राज्य मंडळात तो आहे, तेव्हा मुलांना कळण्याची सोय तरी आहे.

पंचवटी

‘पटणे’ मला पटलं. ‘टिकाव’ही. ‘उत्क्रांती’ मात्र बदलू नका, रुळलेला शब्द आहे.

निफाड

बदलूच नये. नामाचं फारसं काही बिघडत नाही, भोवतीची क्रियापदंच घोटाळा करतात. मग ‘सवय झाली’च्या जागी बागेत काय म्हणायचं? ‘केवडा निर्ढावला’ असंही आमच्याकडे ऐकू येतं.

गंगापूर रोड

निर्ढावण्यात पुन्हा सवयच आली. ‘केवडा औषधाला दाद देत नाही’ चालेल. त्यात कारण सांगितलेलं नाही, म्हणून चुकीचं कारणही नाही.